सत्काराला नळी चालत नाही

"तासाभरासाठी काढता येईल ना, डॉक्टर? कार्यक्रम झाला की परत लावू."

रंगकामापुरतं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवा म्हणावं, इतक्या सहज सुरात अमिषानं हे विचारलं. डॉक्टर नेत्रा घरतनं हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला. हातात राहिला असता तर तो अमिषाच्या खादीच्या कुडत्यावर गेला असता, आणि एवढा चांगला चहा वाया घालवायची तिची तयारी नव्हती.

काढायची होती ती लघवीची नळी. वॉर्डात झोपलेल्या नीमाच्या अंगात ती बसवलेली होती आणि दोन आठवडे तिला कुणी हात लावायचा नाही, हे वॉर्डाच्या पायरीवरच्या मांजरालासुद्धा ठाऊक झालं होतं.

नीमा पूर्व काँगोतली. लढाईत तिच्या गावात सैनिक शिरले आणि त्यांनी तिचं जे केलं, ते नेत्रानं तिच्या केसपेपरात इंग्रजीतून वाचलं होतं. मराठीतून कुणाला सांगायला तिची जीभ कधी वळली नाही. त्यातून नीमाच्या लघवीच्या पिशवीला आतून भोक पडलं. डॉक्टर लोक त्याला फिस्टुला म्हणतात. अशा बाईला लघवी धरता येत नाही. ती गळतच राहते. कपडे ओले, अंथरूण ओलं, आणि वास असा की माणसं बोलता बोलता दोन पावलं मागे सरतात. नवरा आधी वेगळं झोप म्हणतो, मग वेगळी राहा म्हणतो. नीमाला त्याचं दोन्ही सांगून झालं होतं.

तिकडे तिची दोन ऑपरेशनं झाली होती. दोन्ही वेळा टाके सुकायच्या आत लढाई दवाखान्याच्या दाराशी आली आणि बाईला नळी हातात धरून पळावं लागलं. हे तिसरं. प्रत्येक खेपेला आतली कातडी पातळ होत जाते; चौथ्या खेपेला शिवायला काही उरत नाही. म्हणजे ही शेवटची संधी होती. टाक्यांवर लघवीचा ताण येऊ नये म्हणून ती नळी होती. मुदतीच्या आधी नळी निघाली, पिशवी फुगली, टाका उसवला, की नीमा आयुष्यभराची ओली.

"नाही काढता येणार," नेत्रा म्हणाली.

"फक्त एक तास."

"अमिषा, तुमच्या बिल्डिंगचा एक खांब आहे ना, तो तासाभरासाठी काढून बघा. मग आपण बोलू."

अमिषा हसली. तिला हसायचा पगार होता. 'सेतू' नावाच्या आंतरराष्ट्रीय भागीदारीची ती मुंबईहून नेमलेली मॅनेजर. सेतूच्या एका टोकाला युरोपातलं एक फाउंडेशन, दुसऱ्या टोकाला काँगोतलं तळ्याकाठचं एक हॉस्पिटल, आणि मधे रायगडच्या किनाऱ्यावर, काशीदच्या अलीकडे, शिवदासशेठ पाटलांनी आईच्या नावानं बांधलेलं सखूबाई रुग्णालय. तिकडे लढाई पुन्हा शहरात शिरली आणि हॉस्पिटलचं काम निम्म्यावर आलं, तेव्हा अवघड बायकांना इकडे आणायचं ठरलं. इकडेच का, तर नेत्रा दोन वर्षं तिकडे राहून हे ऑपरेशन शिकून आली होती. शिकवलं तिथल्याच डॉक्टरांनी, वीज गेली की टॉर्च तोंडात धरून. सेतूच्या बॅनरवर मात्र त्यांचा पत्ता नव्हता. बॅनरवर दोन हात होते, एक गोरा आणि एक गव्हाळ, आणि मधोमध कबूतर. तिसरा हात जागेअभावी राहिला असेल, असं नेत्रा म्हणायची.

बॅनरवर तिचा एवढा राग का, असं कुणी विचारलं तर ती सांगायची की बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात ती फार जेवली होती. सेतूनं अडीच वर्षांत 'वाचलेल्यांचा आवाज' या विषयावर चार परिषदा घेतल्या होत्या आणि वॉर्डात मागितलेली चांगली लाइट अजून वाटेतच होती.

तर आता फाउंडेशनची मंडळी येणार होती. खरं तर ती महिनाअखेर यायची होती, तोवर नळी निघून नीमा हिंडूफिरू लागली असती. पण फाउंडेशनच्या अध्यक्षांची सुट्टी अलीकडे सरकली, म्हणून मंडळीही अलीकडे सरकली आणि ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या आठवड्याच्या ऐन मध्यावर येऊन पडली. कार्यक्रम असा होता: कोळणींचा नाच, त्यात नऊवारी नेसलेली नीमा, मग शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांच्या शेजारी तिचा हसरा फोटो.

"डोनरना नळीला लटकलेली ती पिशवी बघवत नाही हो," अमिषा जरा खालच्या आवाजात म्हणाली. "मागे एका ठिकाणी एक बाई पिशवी लावून स्टेजवर आली, तर एका मॅडमना चक्करच आली."

"मग त्या मॅडमना अॅडमिट करा. आमच्याकडे खाट रिकामी आहे."

"आणि पिशवी झाकली तरी फोटोत चालताना कळतं."

"फोटो काढायचाच नाही. तिचा चेहरा कुठे दाखवायचा नाही, हे तुम्हीच सही करून दिलंय."

हा मुद्दा साधा नव्हता. तिकडे छावणीत असताना कुणीतरी नीमाचा फोटो काढला होता. चार महिन्यांनी तोच फोटो, माणसाएवढा, तिच्या मुलीच्या शाळेसमोरच्या भिंतीवर लागला. खाली लिहिलं होतं, 'माझ्यावर अत्याचार झाला.' मुलगी त्या दिवसापासून शाळेत गेली नाही. इथे आल्यावर नीमानं नेत्राला पहिली गोष्ट विचारली ती दुखण्याची नव्हती. "इथे भिंती कुणाच्या?" असं तिनं विचारलं होतं. नेत्रानं तेव्हा शब्द दिला होता.

त्या संध्याकाळी शिवदासशेठ स्वतः आले. शेठ मिठागरातून डंपरांत आले आणि डंपरांतून धर्मादायात. माणूस वाईट नव्हता, पण सत्कार ही त्याची दारू होती. या हॉस्पिटलात सत्काराशिवाय कुणी आत येत नसे आणि बाहेर जात नसे. नवीन एक्स-रे मशीन आलं तेव्हा शेठनी मशीनला शाल पांघरली, तिचे दोरे पंख्यात अडकले आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईहून मेकॅनिक बोलवावा लागला. येताना मेकॅनिकचाही सत्कार झाला.

"पोरी, तासाचा तर प्रश्न हाय," शेठ म्हणाले. "नवऱ्याला ताप आला म्हून कोन वरात मागं फिरवतो काय? गोळी देतात न् घोर्‍यावर बसवतात."

"गोळी देतात शेठ. टाके उसवून नाही बसवत."

"अगं पन सत्काराच्या मान्साला नली? शोभतंय काय? शाल घालायची न् खाली पिशवी लोंबतेय."

"मग सत्कार करू नका."

शेठनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं गणपती बसवू नका म्हटलं. मग त्यांनी आवाज बदलला. पुढच्या बॅचला सहा बायका यायच्या आहेत, त्यात नीमाची धाकटी बहीण रिझिकी आहे, तिलाही हेच दुखणं आहे, आणि पाहुणे खूश झाले तरच ती बॅच येणार, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. नेत्राला ते सगळं माहीत होतं, म्हणूनच तिचा संताप झाला. एका बहिणीला फाडा म्हणजे दुसरीला शिवू, असा हा सौदा होता, आणि तो सांगताना शेठच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

"नीमा खाटेवरच राहील," ती म्हणाली. "सत्कार माझा करा. मला नळी नाही."

"बरं. तुजंच खरं," शेठ चटकन म्हणाले.

शिवदास पाटील आयुष्यात इतक्या चटकन कधी कबूल झाले नव्हते. तिला तेव्हाच वास यायला हवा होता.

वॉर्डात नीमाच्या उशाशी वेणूबाई बसली होती. वेणूबाई वॉर्डातली आया, कोळीवाड्यातली, जन्मात कधी हळू न बोललेली. नीमाशी तिचं जमलं ते सुकटीवरून. तिनं घरून आणलेली सुकट बघून नीमा पहिल्यांदा हसली होती. त्यांच्या तळ्यातही अशीच बारीक मासळी वाळवतात म्हणे. तेव्हापासून वेणूबाई तिला मराठी शिकवत होती, म्हणजे आपल्याला येते ती.

"पानी पी, नीमाबाय. डॉक्टरीनबाय वरडंल."

"पिते मी. व्हय," नीमा म्हणाली आणि गटागटा तांब्या संपवला.

नेत्रा खाटेच्या कडेला बसली. दोघी स्वाहिलीत बोलायच्या. नेत्राची स्वाहिली मोडकी होती, पण नीमाला मोडकं चालत असे. पाहुणे येणार, नाच होणार, तुला जायचं नाही, असं नेत्रानं सांगितलं. नीमानं मान हलवली. तिनं आजवर इतके पाहुणे पाहिले होते की कोण आले हे विचारायचंही तिनं सोडलं होतं.

"आणि रिझिकी?" तिनं विचारलं.

"बघू," नेत्रा म्हणाली.

पाहुणे रेवसला लाँचनं उतरले. शेठना त्यांना 'खरा किनारा' दाखवायचा होता. खऱ्या किनाऱ्यानं अर्ध्या जणांना उलट्या झाल्या आणि उरलेल्यांनी मासळीच्या वासात नाकाला रुमाल लावून बंदराचे फोटो काढले. त्यांच्यात डॉक्टर ओस्टरमान होते, फाउंडेशनचे वैद्यकीय सल्लागार, पांढऱ्या दाढीचे आणि मऊ आवाजाचे. शेठ कबूल झाले होते, तरी ते पक्कं व्हावं म्हणून, आणि निदान हा माणूस डॉक्टर आहे, या भाबड्या आशेवर नेत्रानं त्यांना सकाळी वॉर्डाच्या दारात गाठलं. नळीची सगळी हकिकत सांगितली आणि म्हणाली, "तुम्ही एक वाक्य बोला. तुमचं ते ऐकतील."

ओस्टरमाननी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हा निर्णय स्थानिक टीमचा आहे," ते म्हणाले. "आम्ही बाहेरून येऊन आमचं मत लादणं बरोबर नाही. आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

उंटावरून शेळ्या हाकणारे नेत्रानं खूप पाहिले होते. शेळ्यांवर पूर्ण विश्वास टाकणारा हा पहिलाच.

दुपारी हॉस्पिटलमागच्या सुरूच्या झाडांत मांडव पडला. कोळणी नाचल्या, पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका चुकवत टाळ्या दिल्या, शहाळी फुटली. नेत्राचा सत्कार पहिलाच झाला. अंगावर शाल आणि हातात नारळ घेऊन ती स्टेजवरच्या सोफ्यात रुतून बसली. तेवढ्यात माइकवरचा माणूस गळा काढून म्हणाला, "आणि आता मंडळी, ज्या क्षणाची आपण वाट पाहत होतो! समुद्रापलीकडून आलेली आपली लेक, नीमाताई, थोड्याच वेळात आपल्यात येत आहेत!"

नेत्रानं अमिषाकडे पाहिलं. अमिषानं बॅनरवरच्या कबुतराकडे पाहिलं.

नेत्रा उठली ती नारळासकट. मांडवातून ती पळत निघाली तेव्हा काहींना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. दोघांनी मोबाइल वर केले.

वॉर्डाचं दार लोटलेलं होतं. आत खाटेशी विपुल होता, तिच्याच हाताखालचा नवा डॉक्टर, आणि त्याच्या हातात सिरिंज होती. नळी आत टिकून राहावी म्हणून तिच्या टोकाला पाण्याचा एक छोटा फुगा असतो. त्यातलं पाणी तो ओढत होता. अर्धं ओढून झालं होतं. पायथ्याशी वेणूबाई नऊवारीची घडी छातीशी धरून उभी होती. नीमा छताकडे बघत होती. दात घट्ट आवळलेले आणि दोन्ही हात अंगालगत सरळ ठेवलेले. अंगाला कुणी काही करायला लागलं की गप्प पडून राहायचं, हे तिला कुणी शिकवलं होतं ते नेत्राला ठाऊक होतं.

"हात काढ," नेत्रा म्हणाली.

विपुलचा हात तसाच अधांतरी राहिला. "मॅडम, शेठचा फोन आला होता. म्हणाले, तुम्ही हो म्हणालात. अमिषा मॅडम पण म्हणाल्या."

"माझा फोन बंद होता का?"

विपुलनं सिरिंज खाली ठेवली. वेणूबाईचं तोंड मात्र उघडलं. "जल्लं त्या शेठचं त्वांड! मला बी तेच सांगलं, डॉक्टरीनबाय सांगतेय म्हून. मी साडी घेऊन आली ना गं!"

नेत्रानं नारळ खाटेवर टाकला, हात धुतले, हातमोजे चढवले आणि फुग्यात पाणी परत भरलं. नळी जागेवर होती. पिशवीत लघवी थेंब थेंब उतरत होती, स्वच्छ, रक्ताचा अंश नाही. मग ती नीमाकडे वळली. नीमानं अजून मान हलवली नव्हती.

"तुम्ही सांगितलंत?" नीमानं स्वाहिलीत विचारलं.

"नाही."

नीमानं डोळे मिटले आणि सोडलेला श्वास कितीतरी वेळ बाहेर पडत राहिला. नेत्राला वाटलं, इथेच बसून राहावं. पण मांडवात तो माणूस अजून लेक लेक करत होता, आणि तिच्या मस्तकात गेलेली तिडीक उतरायला तयार नव्हती. वेणूबाईला दाराशी बसवून ती मांडवात परत आली आणि माइक सरळ हिसकावून घेतला.

तिनं इंग्रजीत सांगितलं, म्हणजे भाषांतरात काही सांडायला नको. म्हणाली, ज्या बाईला बघायला आपण समुद्र ओलांडून आलात ती आज दिसणार नाही. ती आजारी आहे, आणि हॉस्पिटलात आजारी माणसं असतात. त्यांच्या अंगाला नळ्या असतात. ज्यांना ते बघवत नाही त्यांच्यासाठी काशीदला रिसॉर्ट आहे आणि त्याला पूल आहे. मग तिचा आवाज चढला. "या बाईला न विचारता परक्या माणसांनी तिच्या अंगाला हात घातला, त्याला तुम्ही युद्धगुन्हा म्हणता आणि त्यावर परिषदा भरवता. आज दुपारी तिला न विचारता तिच्या अंगातली नळी काढायला माणूस गेला होता, तुमच्या एका फोटोसाठी. त्याला काय म्हणायचं ते तुमच्यापैकी कुणीतरी मला सांगा. मला इंग्रजी कमी येतं."

मग पुढच्या रांगेतली मोठ्या टोपीची बाई उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळे उभे राहिले. ओस्टरमान स्टेजवर चढले, त्यांनी नेत्राचा हात दोन्ही हातांत धरला आणि फार प्रभावी, फार प्रभावी असं दोनदा म्हणाले. शिवदासशेठना इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण एवढ्या टाळ्या पडतायत म्हणजे पोरगी चांगलंच बोलली असणार, म्हणून त्यांनी तिला दुसरी शाल घातली.

यांना शिवी दिली तरी ते तिची फ्रेम करून भिंतीवर लावतील. नेत्राला हसू यावं की रडू, कळेना. ती घरी गेली, दोन्ही शाली वेणूबाईच्या नातवंडांना पाठवून दिल्या आणि त्या रात्री मेल्यासारखी झोपली. आपण जिंकलो असं तिला वाटलं होतं, ते काही लपवण्यासारखं नाही. बरं वाटलं होतं.

नळीचे दिवस पुरे झाले त्या सकाळी तिनं नीमाला टेबलावर घेतलं. लघवीच्या पिशवीत निळं औषध सोडलं आणि आत कापसाचे बोळे ठेवले. भोक उरलं असेल तर कापूस निळा होतो. वेणूबाईनं कुठल्या कुठल्या देवांची नावं घेतली; त्यात एकवीरा होती, आणि नीमाचा येशूही होता. नेत्रानं एकेक बोळा बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवला. पांढरा. पांढरा. शेवटचाही पांढरा.

"झालं," ती म्हणाली. तिनं ट्रे नीमासमोर धरला.

नळी निघाली. नीमा स्वतः चालत संडासात गेली, दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर उभ्या दोघींना आवाज आला, तो लघवीचा; मग आवाज थांबला; मग पुन्हा आला. ती धरून बघत होती. सोडून बघत होती. आतून ती मोठ्यांदा हसली आणि वेणूबाई भिंतीला टेकून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिच्या खाटेवरची चादर कोरडी होती. वेणूबाईनं ती धुवायला टाकली नाही. घडी घालून नीमाच्या बॅगेत ठेवून दिली. त्याच दिवशी अमिषाची मेल आली. फाउंडेशनला डॉक्टरांच्या भाषणानं हलवून सोडलं होतं, असं तीत लिहिलं होतं. त्याचबरोबर असंही लिहिलं होतं की वार्षिक अहवालात दाखवण्यासारखं एकही पूर्ण झालेलं उदाहरण चेहऱ्यासह हाती न आल्यामुळे पुढची बॅच तूर्त थांबवण्यात येत आहे. भाषणाचा व्हिडिओ वापरायला डॉक्टरांची परवानगी आहे का, हेही विचारलं होतं.

नेत्रानं ती मेल वाचली आणि फोन खुर्चीवर आपटला. त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मराठीत, कारण एवढी जागा इंग्रजीत नाही. सोनाराच्या दुकानात नग परत करावा तशा सहा बायका त्यांनी परत केल्या होत्या.

संध्याकाळी ती समुद्राकडच्या कट्ट्यावर गेली तेव्हा नीमा तिथे बसली होती. नुसती बसली होती, खाली प्लास्टिक नाही, फडकं नाही. दगडावर. भरती लागत होती आणि होड्या आत येत होत्या.

"रिझिकी कधी येते?" नीमानं विचारलं.

खोटं बोलायचं नेत्राच्या मनात आलं, पण या बाईशी खोटं बोलणाऱ्यांची रांग आधीच मोठी होती. तिनं मेल जशीच्या तशी सांगितली. सांगता सांगता तिचा राग पुन्हा वर आला. ही माणसं कशी नालायक आहेत, यांना बाई नको चेहरा हवा, यांच्या दारात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं ती बोलत सुटली. नीमानं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या भाषणाला टाळ्या पडल्या म्हणे," ती म्हणाली. "वेणूबाई सांगत होती."

"पडल्या."

"रिझिकीला काय मिळालं?"

नेत्रा तिच्या शेजारी दगडावर बसली.

"मनाला लावून घेऊ नका, डॉक्टर, मी भांडत नाही," नीमा म्हणाली. "तुम्ही माझी नळी वाचवली. मी विसरणार नाही. पण तुम्हाला त्यांचा राग येतो आणि मलाही येतो. तुमचा राग घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. माझी बहीण तिकडे ओल्यात झोपते." तिनं हात पुढे केला. "फोन आहे ना? माझा फोटो काढा."

"नाही. तुला शब्द दिलाय मी."

"तो मी परत करते."

"भिंतीवर लागेल, नीमा. तुझी मुलगी बघेल."

"ती आता मोठी झालीय. मी तिला सांगेन कशासाठी काढला."

"पाठमोरा काढू. नाही तर नुसते हात. मी त्यांना समजावते."

नीमानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत थट्टा होती, आणि लहान पोरीकडे बघावं तशी माया होती. "पाठीला कुणी पैसे देत नाही," ती म्हणाली. मग तिनं वॉर्डाकडे तोंड करून वेणूबाईला हाक मारली, वेणूबाईच्याच भाषेत. "ए वेणूबाय! ती साडी आन गं! हिरवी!"

साडी आली. वेणूबाई काय चाललंय हे न कळून दोघींच्या तोंडाकडे बघत राहिली, पण हात तिचे चालत होते. कासोटा घातला, पदर खोचला, आपल्या हातातल्या बांगड्या काढून नीमाला घातल्या. नीमा उठून कट्ट्याच्या टोकाला गेली. उन्हाकडे बघितलं, दोन पावलं डावीकडे सरकली. समुद्र मागे यायला हवा आणि होड्याही, पण हॉस्पिटलचं नाव कोपऱ्यात दिसायला हवं, असं तिनं सांगितलं. फोटो मागणाऱ्या माणसांसमोर ती किती वर्षं उभी राहिली होती, ते नेत्राला त्या दोन पावलांत कळलं. आणि आपण स्टेजवर जाऊन जो तिरस्कार ओकला तो हिच्याकडे कितीतरी जुना आहे, हेही कळलं. फक्त तिनं तो कुणाच्या टाळ्यांवर उडवला नव्हता.

"आधी मी हसणार नाही," नीमा म्हणाली. "तो एक काढा. मग हसेन, तो दुसरा. दोन्ही पाठवा. पहिला बघून ते पैसे देतात, आणि दुसरा बघून पुन्हा देतात."

नेत्रानं पहिला काढला. फोनच्या काचेत नीमाचा चेहरा मोठा होऊन आला, खालच्या ओठावरच्या जुन्या व्रणासकट.

"आता दुसरा," नीमा म्हणाली. "फोन सरळ हवा, डॉक्टर. नीट धरा. आणि मला सांगा, कधी ते."

नेत्रानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"हस," ती म्हणाली.

नीमा हसली. अमिषाला हवं होतं अगदी तसंच.